पायथनकडून सी मॉड्यूलकडे डेटा जाताना प्रोग्राम पडतो किंवा डिझाइन बिघडते : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबायचे

खालची सगळी उदाहरणे सोलापूरच्या ओळखीच्या एका कामावर बेतली आहेत. डिझाइनचे चित्र पायथनमध्ये उघडायचे, त्यातला प्रत्येक ठिपका सीमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलकडे द्यायचा आणि तिकडून इलेक्ट्रॉनिक जेकार्डसाठी, म्हणजे मागावर उभे धागे निवडून उचलणाऱ्या यंत्रणेसाठी, हूक-डेटा (कोणता हूक उचलायचा आणि कोणता नाही) परत घ्यायचा. जेकार्ड 1344 हूकांचे धरले आहे. एका हूकला एक बिट, म्हणून एका पिकला, म्हणजे आडव्या धाग्याच्या एका फेकीला, 168 बाईट. चादरीचे डिझाइन 4,000 पिकांचे असेल तर 6,72,000 बाईट. काम वेगळे असले तरी दोष हेच निघतात. फंक्शनांची नावे इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती अर्थातच मूळ स्पेलिंगने शोधा.

लक्षणे

यातले आपले कोणते ते आधी ठरवा. अर्धे निदान इथेच होते.

- प्रोग्राम काही न सांगता बंद पडतो. लिनक्सवर «सेगमेंटेशन फॉल्ट» दिसते, विंडोजवर एक्झिट कोड 0xसी0000005 किंवा 0xसी0000374. पहिला कोड परक्या मेमरीला हात लागल्याचा, दुसरा हीप, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मेमरी मागून घेतो तो साठा, बिघडल्याचा.
- «डबल फ्री ऑर करप्शन» किंवा «फ्री(): इनव्हॅलिड पॉइंटर» असा संदेश येतो, तोही बहुधा भलत्याच ओळीवर.
- डिझाइन तिरके पडते, प्रत्येक पिकला ठराविक हूक सरकत जातात.
- दर आठव्या किंवा दर चौथ्या हूकवर रेघ येते आणि मधले हूक रिकामे राहतात.
- बुट्टा ओळखू येतो, पण कड करवतीसारखी दातेरी दिसते.
- सुरुवातीचा भाग बरोबर, पुढे सगळे कोरे. किंवा परत आलेला डेटा अपेक्षेपेक्षा आखूड.
- एक-दोन डिझाइन ठीक होतात. दिवसभर प्रोग्राम चालू ठेवला की मेमरी वाढत जाऊन मशीन मंदावते.
- «सिस्टीमएरर» येते: फंक्शनने नल परत केले पण एक्सेप्शन नोंदवले नाही.
- «बफरएरर» येते: डेटाचे एक्स्पोर्ट शिल्लक आहेत (म्हणजे तो अजून कोणीतरी धरून ठेवला आहे), आकार बदलता येत नाही.

या सगळ्यांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. हद्द ओलांडताना प्रत्येक डेटाबद्दल तीन गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच माहीत असाव्या लागतात: लांबी किती, प्रकार आणि मांडणी कोणती, आणि मेमरीचा मालक कोण. पायथन या तिन्ही गोष्टी ऑब्जेक्टबरोबर वागवते. सीला नुसता पत्ता मिळतो. तिन्हींपैकी जी सांगायची राहिली, तिचा दोष कधीतरी बाहेर पडतोच, आणि तो बाहेर पडतो त्या जागी घडलेला नसतो. म्हणून जिथे प्रोग्राम पडला तीच ओळ दुरुस्त करत बसू नका.

1. आधी मशीन आणि आवृत्त्या

याला पाच मिनिटे लागतात, पैसे काही नाहीत. तीच फाइल त्याच मशीनवर तीनदा चालवा. तिन्ही वेळा एकाच जागी पडत असेल तर दोष कोडमध्ये असण्याची शक्यता फार मोठी. दरवेळी जागा बदलत असेल आणि ब्राउझरसारखे दुसरे प्रोग्रामही पडत असतील, तर रात्रभर रॅमची तपासणी लावून ठेवा. शेडमधल्या कॉम्प्युटरच्या पंख्यात कापसाची फुसं अडकलेली असतात आणि सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वरचा. गरम झालेल्या मशीनवर सीचा कोड उकलत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

मग मॉड्यूलच्या फाइलचे नाव पाहा. त्यात «सीपी311» किंवा «सीपायथन-311» असेल तर ते पायथन 3.11 साठी बांधलेले आहे. दुसऱ्या आवृत्तीचे मॉड्यूल नाव बदलून जबरदस्तीने लोड करू नका. ऑब्जेक्टची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते आणि सी कोड जुन्या अंतरांवर वाचत राहतो. हाच प्रकार नमपायचा, म्हणजे आकड्यांचे मोठे ॲरे हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीचा. नमपाय 1.एक्सवर बांधलेले मॉड्यूल 2.0 वर चालत नाही, ते पुन्हा बांधावे लागते. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, सगळे नव्याने टाकले आणि काल चालणारा प्रोग्राम आज बंद, या तक्रारीत सर्वांत आधी हेच पाहावे.

विंडोजवर «डीएलएल लोड फेल्ड» येत असेल तर पायथन 3.8 पासूनचा बदल लक्षात घ्या. मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल (विंडोजवरच्या लायब्ररीच्या फाइली) आता पाथमध्ये शोधल्या जात नाहीत. त्यांचा फोल्डर «ओएस.ॲड_डीएलएल_डिरेक्टरी» ने सांगावा लागतो.

2. प्रोग्रामलाच बोलते करा

पायथन «-एक्स डेव्ह» पर्याय देऊन चालवा. त्याने फॉल्टहँडलर सुरू होतो आणि पायथनच्या मेमरी वाटपाभोवती पहारा बसतो. प्रोग्राम पडताना पायथनची नेमकी कोणती ओळ चालू होती ते छापले जाते. नुसता पहाराच हवा असेल तर पर्यावरणातला «पायथनमॅलॉक» हा चल «डीबग» वर ठेवा. पायथन 3.8 पासून या रीतीत नवी मेमरी सीडी या बाईटने भरते, सोडलेली डीडीने, आणि वाटपाच्या दोन्ही कडांना एफडी असते. सी कोडमध्ये एखाद्या पॉइंटरची (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या चलाची) किंमत डीडीडीडी अशी दिसली तर सोडून दिलेली मेमरी कोणीतरी अजून वाचते आहे. «बॅड ट्रेलिंग पॅड बाईट» आला तर कोणीतरी हद्दीपलीकडे लिहिले आहे. सीच्या स्वतःच्या मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेल्या मेमरीवर मात्र हा पहारा नसतो, त्यामुळे इथे काही सापडले नाही म्हणून कोड निर्दोष समजू नका.

3. उत्तर आधीच माहीत असलेले चित्र द्या

पूर्ण चादर देऊन दोष शोधू नका. 16 हूक आणि 2 पिकांचे चित्र करा, त्यात पहिल्या पिकचा फक्त पहिला हूक उचललेला. उत्तर 4 बाईटचे यायला हवे. कंट्रोलरला मोठा बिट आधी लागत असेल तर हेक्समध्ये 80 00 00 00, छोटा आधी लागत असेल तर 01 00 00 00. दोन्हींपैकी नको तो आला तर दातेरी कडेचे कारण सापडले: दर आठ हूकांचा गट उलटा होतो आहे. नमपायच्या «पॅकबिट्स» मध्ये मोठा बिट आधी हा ठरलेला क्रम आहे, तो बदलायला «बिटऑर्डर» हा पर्याय आहे.

मग रुंदी बदलून पाहा: 1, 7, 8, 9, 1343, 1344, 1345. आठच्या पटीतच चालणारा कोड इथे उघडा पडतो. बीएमपीची कच्ची फाइल सरळ सीकडे देत असाल तर हे जास्तच महत्त्वाचे. बीएमपीत प्रत्येक ओळ 4 बाईटच्या पटीत भरलेली असते. 1344 रुंदीच्या एक-बिट चित्राची ओळ 168 बाईट, जी चारच्या पटीत बसते. 1350 रुंदीला 169 बाईट लागतात पण फाइलमध्ये 172 असतात. हे तीन जादा बाईट कोडने धरले नाहीत तर प्रत्येक पिकला 24 हूक सरकतात आणि डिझाइन तिरके होते. नेहमीच्या रुंदीवर वर्षभर चाललेला प्रोग्राम नव्या जेकार्डवर बिघडतो तो असा. डिझाइन उलटे, खालचे वर आले तर तोही बहुधा बीएमपीचाच स्वभाव: त्यात ओळी सहसा खालून वर साठवतात.

4. ॲरेचा प्रकार आणि मांडणी

सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात, आणि दुरुस्ती एका ओळीची असते. सी फंक्शन बोलावण्याच्या अगदी आधी ॲरेच्या तीन गोष्टी छापा: «डीटाइप» (एका घटकाचा प्रकार), «शेप» (ओळी आणि स्तंभ) आणि «फ्लॅग्ज» (मेमरीतली मांडणी).

सी कोड एक ठिपका एक बाईट समजतो, म्हणजे डीटाइप «यूइंट8» हवा. मध्येच कोणीतरी नमपायच्या साध्या पूर्णांकांच्या ॲरेशी बेरीज-गुणाकार केला की तो निमूट 64 बिटांचा होतो. मग सीला एक खरी किंमत आणि मागे सात शून्ये दिसतात. दर आठव्या हूकवरची रेघ ती हीच, आणि सोबत डिझाइनच्या फक्त पहिल्या एक-अष्टमांश पिकांतलाच मजकूर उमटलेला असतो. विंडोजवर नमपाय 1.एक्समध्ये साधा पूर्णांक 32 बिटांचा होता, तिथे रेघ दर चौथ्या हूकवर येते. नमपाय 2.0 मध्ये 64-बिट विंडोजवरही तो 64 बिटांचा झाला. एकाच प्रोग्रामचे दोन मशीनवर दोन तऱ्हांचे बिघाड दिसले तर गोंधळू नका.

आता मांडणी. 1360 रुंदीच्या चित्रातून कडा काढून मधले 1344 स्तंभ घेतले, तर नमपाय नवी प्रत करत नाही, जुन्याच मेमरीवर नवी खिडकी लावते. एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर 1360 च राहते. सी कोड 1344 धरून चालतो आणि दर पिकला 16 ठिपके मागे पडतो.

मिरर केलेले डिझाइन यापेक्षा धोक्याचे. «फ्लिपएलआर» किंवा उलट्या क्रमाचा स्लाइस हीसुद्धा खिडकीच असते. तिचा पत्ता पहिल्या ओळीच्या शेवटच्या ठिपक्यावर असतो आणि पुढे जाण्याचे अंतर ऋण असते. सी तिथून सरळ पुढे वाचत जातो आणि चित्र संपल्यावर 1343 बाईट परक्या मेमरीत शिरतो. कधी कचरा मिळतो, कधी प्रोग्राम पडतो. सोलापुरी चादरीत अर्धा बुट्टा काढून उरलेला अर्धा मिररने घेणे ही रोजची पद्धत, त्यामुळे हा दोष इथे वारंवार भेटतो.

दोन्हींवर उपाय एकच: हद्दीवर «ॲस्काँटिग्युअसॲरे» ला डीटाइप देऊन ॲरे त्यातून काढायचा. मांडणी आधीच बरोबर असेल तर ते प्रत करत नाही, म्हणजे फुकटचा खर्च नाही. मात्र निकाल एका चलात धरून ठेवा. तो न धरता त्याचा नुसता पत्ता पुढे दिलात तर ॲरे लगेच नष्ट होऊ शकतो आणि पत्ता पोकळ उरतो.

5. शून्य बाईट आणि लांबी

सुरुवात बरोबर आणि पुढे कोरे, याचे कारण जवळजवळ नेहमी हेच. सीची स्ट्रिंग पहिल्या शून्य बाईटवर संपते. हूक-डेटात शून्य बाईट म्हणजे लागोपाठ आठ हूक खाली, जे प्रत्येक डिझाइनमध्ये असते. म्हणून हा डेटा स्ट्रिंग म्हणून कधीच पाठवू नये. आत घेताना फॉरमॅट कोड (येणाऱ्या डेटाचा प्रकार सांगणारे अक्षर) «एस» किंवा «वाय» असेल तर पायथन निदान «एम्बेडेड नल» अशी चूक दाखवते. गप्प दगा देतात ती ठिकाणे दुसरी: «पायबाईट्स_ॲजस्ट्रिंग» घेऊन त्यावर «स्ट्रलेन» लावणे, परत देताना «पायबाईट्स_फ्रॉमस्ट्रिंग» वापरणे, आणि सीटाइप्समध्ये (सीची फंक्शने थेट पायथनमधून बोलावणारे मॉड्यूल) परतीचा प्रकार «सी_चार_पी» ठेवणे. आत घ्यायला «वाय-स्टार» वापरा, परत द्यायला «पायबाईट्स_फ्रॉमस्ट्रिंगअँडसाइज». लांबी नेहमी डेटाच्या बरोबरीने.

6. मराठी नावे

डिझाइनचे नाव देवनागरीत ठेवले की पडते आणि इंग्रजीत ठेवले की चालते, अशी तक्रार असेल तर बफर मोजा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाईट लागतात, काना-मात्रेलाही. «सोलापूर» मध्ये अशी 7 चिन्हे, म्हणजे 21 बाईट आणि शेवटचे शून्य धरून 22. सी कोडमध्ये नावाला 20 बाईटची जागा असेल तर शेजारची मेमरी खराब झालीच. शिवाय विंडोजवर साधे «एफओपन» देवनागरी पाथ बहुधा उघडू शकत नाही. मॉड्यूलला फाइलचे नाव न देता फाइल पायथनमध्ये उघडून आतले बाईट द्यावेत. हा मार्ग सर्वांत सरळ.

7. सीटाइप्स वापरत असाल तर घोषणा पुऱ्या करा

परतीचा प्रकार सांगितला नाही तर सीटाइप्स तो 32 बिटांचा पूर्णांक धरते. 64-बिट मशीनवर परत आलेला पॉइंटर अर्धा कापला जातो आणि पुढच्याच वापरात प्रोग्राम पडतो. प्रत्येक फंक्शनला «आर्गटाइप्स» आणि «रेसटाइप» द्या, एकही सोडू नका. सीला कॉलबॅक (सीने उलट बोलवायचे पायथन फंक्शन) देत असाल तर त्याचे ऑब्जेक्ट पायथनमध्ये चलात धरून ठेवा. नाहीतर गार्बेज कलेक्शन होईपर्यंत चालते आणि नंतर कधीतरी पडते. आणखी एक: विंडोजवर सीचा «लाँग» 32 बिटांचा, 64-बिट लिनक्सवर 64 बिटांचा. हद्दीवर «लाँग» वापरूच नका, «इंट32_टी» आणि «इंट64_टी» वापरा.

8. हे मॉड्यूल हवेच आहे का?

पुढच्या तपासण्यांना सी वाचता यावे लागते. त्याआधी मॉड्यूल बाजूला ठेवून तेच काम नमपायच्या «पॅकबिट्स» ने दुसऱ्या अक्षावर करून पाहा. 1344 गुणिले 4,000 चे चित्र ते क्षणात बांधते, कारण आतून तेही सीच आहे, आणि वर्षानुवर्षे असंख्य हातांनी तपासलेले. बऱ्याच प्रोग्रामांत सी मॉड्यूल जुन्या संथ लूपच्या जागी आले होते आणि आज त्याची गरज उरलेली नसते. काढता येत असेल तर काढाच. दोषाची सर्वांत पक्की दुरुस्ती ती. काढता येत नसेल तरी ही पायथन आवृत्ती जवळ ठेवा: दोष सापडेपर्यंत माग चालू राहील आणि सीच्या उत्तराशी ताडून पाहायला खात्रीचे उत्तर मिळेल.

9. सी कोड वाचणे

या क्रमाने वाचा.

फॉरमॅट कोड आणि चलाचा प्रकार जुळतो का? «पायआर्ग_पार्सटपल» ला चलांचे प्रकार कळत नाहीत आणि कंपायलरही सहसा इशारा देत नाही. «डी» ला 8 बाईटचे «डबल» हवे. तिथे 4 बाईटचा «फ्लोट» दिला तर शेजारचे 4 बाईट पुसले जातात. «पी» हा खरे-खोटे सांगणारा कोड पूर्ण «इंट» लिहितो, तिथे एक-बाईटचे «बूल» देऊ नका. लांबीला «एन» आणि «पाय_एसएसाइझ_टी». हॅशवाले (# चिन्ह असलेले) कोड वापरत असाल तर पायथन 3.10 ते 3.12 वर «पाय_एसएसाइझ_टी_क्लीन» हा मॅक्रो «पायथन.एच» च्या आधी हवाच. 3.13 पासून तो लागत नाही.

बफर परत केला का? «वाय-स्टार» किंवा «पायऑब्जेक्ट_गेटबफर» ने घेतलेल्या प्रत्येक बफरला प्रत्येक वाटेवर «पायबफर_रिलीज» हवे, चूक होऊन लवकर बाहेर पडणाऱ्या वाटेवरही. ती वाटच विसरली जाते. «बफरएरर» चे कारण बहुधा हेच.

संदर्भ-मोजणी, म्हणजे एका ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत याची नोंद. «पायलिस्ट_गेटआयटम» उसना संदर्भ देते, तो सोडायचा नाही. «पायलिस्ट_सेटआयटम» आणि «पायटपल_सेटआयटम» तुमचा संदर्भ स्वतःकडे घेतात, त्यानंतर तो सोडायचा नाही. «पायडिक्ट_सेटआयटम» मात्र घेत नाही, तिथे आपला आपण सोडायचा, नाहीतर मेमरी वाढत जाते. नन, म्हणजे पायथनची «काही नाही» ही किंमत, परत करताना «पाय_रिटर्न_नन» लिहा. पायथन 3.12 पासून नन अमर केला आहे, त्याची मोजणी चुकली तरी काही बिघडत नाही. म्हणून 3.12 वर सुरळीत चालणारे मॉड्यूल कारखान्यातल्या जुन्या 3.9 वर तासाभराने पडू शकते. तपासणी जुन्या आवृत्तीवरही करा.

मेमरीचा मालक कोण? फंक्शनच्या आतल्या स्थानिक ॲरेचा पत्ता परत करणे ही उघड चूक. कमी उघड चूक अशी: मॅलॉकने घेतलेल्या जागेवर «पायॲरे_सिंपलन्यूफ्रॉमडेटा» ने ॲरे बांधून देणे. तो ॲरे मालक नसतो. ॲरे गेला तरी मेमरी तशीच राहते आणि दर डिझाइनला 6,72,000 बाईट गळतात. 1,000 डिझाइनना 672 एमबी. पायकॅप्सूलमध्ये (सीचा पॉइंटर गुंडाळणाऱ्या पायथन ऑब्जेक्टमध्ये) मेमरी सोडवणारे फंक्शन ठेवून ते «पायॲरे_सेटबेसऑब्जेक्ट» ने ॲरेला जोडा. किंवा याहून बरे, पायथनने आधीच रिकामा ॲरे करून द्यावा आणि सीने फक्त तो भरावा. मालकाचा प्रश्नच राहत नाही. नवे मॉड्यूल लिहिताना हीच रचना धरावी. आणि ज्याने घेतली त्यानेच सोडावी: मॅलॉकची मेमरी फ्रीने, «पायमेम_मॅलॉक» ची «पायमेम_फ्री» ने. विंडोजवर एका डीएलएलने घेतलेली मेमरी दुसऱ्या डीएलएलमध्ये सोडू नका, दोघांचे रनटाइम वेगळे असू शकतात.

शेवटी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप). तो सोडलेला असताना एकाही पायथन ऑब्जेक्टला हात लावायचा नाही. आधी पॉइंटर आणि लांबी काढून घ्या, बफर धरून ठेवा, मग सोडा.

गळती मोजायला छोट्या चित्रावर फंक्शन एक लाख वेळा चालवा आणि मेमरी पाहा. दर हाकेला एका पिकचे 168 बाईट गळत असतील तर किमान 16.8 एमबी वाढ दिसेल. पायथनच्या मेमरी मोजणाऱ्या «ट्रेसमॅलॉक» वर विसंबू नका, त्याला सीचे मॅलॉक दिसत नाही.

10. ॲड्रेस सॅनिटायझर

मॉड्यूल जीसीसी या कंपायलरच्या ॲड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) आणि डीबग माहितीसह बांधा. पायथन स्वतः तसे बांधलेले नसल्याने «लिबएसॅन» आधी लोड करावे लागते, लिनक्सवर «एलडी_प्रीलोड» ने. गळतीची तपासणी बंद ठेवा, पायथनच्या स्वतःच्या नोंदींचा गदारोळ होतो. «पायथनमॅलॉक» या वेळी «मॅलॉक» वर ठेवा, म्हणजे पायथनची वाटपेही सॅनिटायझरच्या नजरेखाली येतात. हद्दीबाहेरचे पहिले वाचन किंवा लेखन जिथे झाले, तीच ओळ आणि ती मेमरी कुठे घेतली होती ते छापून येते. इथे मात्र दाखवलेली ओळच खरी मानायची.

कुठे थांबायचे

मॉड्यूलचा स्रोत तुमच्याकडे नसेल, नुसती डीएलएल असेल, तर 8 नंतर थांबा आणि ज्याने ते दिले त्याच्याकडे जा. अंदाजाने बाहेरून लांब्या बदलत बसण्यात अर्थ नाही. सॅनिटायझर निर्दोष सांगतो पण अनेक थ्रेड चालू असतानाच प्रोग्राम पडतो, तिथेही थांबा. ते काम सीपायथनच्या आतले जीआयएल आणि थ्रेड जाणणाऱ्या माणसाचे आहे. आणि डेटा जेकार्डच्या कंट्रोलरने नाकारला किंवा तिथून पुढे बिघडला, तर कंट्रोलरच्या मेमरीत किंवा फर्मवेअरमध्ये स्वतः हात घालू नका. मशीनच्या अधिकृत तंत्रज्ञालाच बोलवा.

दोष अनिश्चित असेपर्यंत त्या मॉड्यूलने केलेली एकही फाइल मागावर चढवू नका. पडलेला प्रोग्राम निदान दिसतो. न पडता चुकीचा निघालेला डेटा चादर विणून झाल्यावरच दिसतो आणि सूत परत मिळत नाही.

तज्ज्ञाला बोलावताना हे एका फोल्डरमध्ये तयार ठेवा: दोष दाखवणारे लहानात लहान चित्र, पायथन आणि नमपायची आवृत्ती, मॉड्यूलच्या फाइलचे पूर्ण नाव, «-एक्स डेव्ह» ने छापलेला सगळा मजकूर, हद्दीवरचे डीटाइप-शेप-फ्लॅग्ज, आणि «पॅकबिट्स» चे उत्तर व मॉड्यूलचे उत्तर शेजारी-शेजारी, पहिला फरक कितव्या बाईटवर पडतो ते लिहून. तो आकडा 168 ने भागला की कितवा पिक ते कळते, बाकीवरून हूकांचा गट. तज्ज्ञाचा अर्धा दिवस यानेच वाचतो.